गोंदियाच्या हातगाडीवरील विदेशी सफरचंद



गोंदिया शहरात कोणत्याही रुग्णालयाच्या फाटकाबाहेर फळांच्या हातगाड्या उभ्या असतात. आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हाताने जायचे नाही, हा आपल्याकडचा शिष्टाचार. आणि न्यायचे ते सफरचंदच, हेही जणू ठरून गेलेले. गाडीवर बहुधा दोन ढीग असतात. एक काश्मीर वा हिमाचलच्या फळांचा, थोडा ओबडधोबड, कुठे डाग पडलेला. दुसरा एकसारख्या आकाराच्या, तकतकीत फळांचा, प्रत्येक फळावर छोटी चिकटपट्टी लावलेला. या दुसऱ्या ढिगाचा भाव चढा. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील खेड्यातून आलेला गृहस्थ खिशातील पैसे दोनदा मोजतो आणि दुसऱ्या ढिगातील चार फळे घेतो. बाहेरदेशचे आहे, म्हणजे चांगलेच असणार, ही त्यामागची भाबडी श्रद्धा. खाटेपाशी बसून फळाला सुरी लावली की आतून पुष्कळदा पिठूळ, रवाळ, रस हरवलेला गर निघतो. फळवाल्याला विचारावे तर तो म्हणतो, "कालच नागपूरहून आले." तो खोटे बोलत नाही. नागपूरहून ते कालच आलेले असते. झाडावरून ते केव्हा उतरले, हे मात्र त्याला कोणी विचारत नाही, आणि विचारले तरी त्याच्यापाशी उत्तर नसते.

हे विदेशी फळ गोंदियासारख्या टोकाच्या जिल्ह्यापर्यंत पोहोचले, त्याला फार वर्षे झालेली नाहीत. १ एप्रिल २००१ रोजी भारताने आयातीवरील परिमाणात्मक निर्बंधांची शेवटची यादी, ७१५ वस्तूंची, रद्द केली. त्यानंतर न्यूझीलंड, अमेरिका, चिली, इटली, इराण, तुर्कस्तान, पोलंड अशा देशांची फळे भारतीय बाजारात क्रमाक्रमाने स्थिरावली. अलीकडच्या वर्षांत केवळ सफरचंदाचीच आयात पाच लाख टनांच्या आसपास जाते. २००१ च्या सुमारास स्वदेशीच्या व्यासपीठांवरून या धोरणाला जो विरोध झाला, त्याचा रोख शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावावर होता, आणि तो योग्यच होता. परंतु हे अन्न ताटात येईपर्यंत त्याच्यात काय उरते, या ग्राहकाच्या प्रश्नाकडे समर्थकांनीही पाहिले नाही आणि विरोधकांनीही नाही.

ताजेपणा म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यावे लागते. तोडलेले फळ मृत नसते. ते श्वास घेत असते, आपल्यातील शर्करा जाळत असते, उष्णता आणि ओलावा बाहेर टाकत असते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. शून्याच्या जवळ ठेवलेले सफरचंद जितकी शक्ती कित्येक दिवसांत खर्च करते, तितकी ती वैशाखातल्या उन्हात एका दिवसात उडवून टाकते. त्यातच सफरचंद स्वतःमधून इथिलीन नावाचा वायू सोडते आणि तो वायू त्यालाच, आणि शेजारच्या फळांनाही, पिकण्याची घाई करतो. आपल्या आज्या आढीतल्या आंब्यातून पिकलेला आंबा रोज वेगळा काढत, तो याच अनुभवातून.

विदेशातील मोठ्या बागायतदारांनी या जैविक घड्याळाला झोपवण्याचे तंत्र परिपूर्ण केले आहे. फळ काढल्यावर ते शून्य ते एक-दोन अंशांच्या बंद कोठारात जाते. तिथल्या हवेतील प्राणवायू एकवीस टक्क्यांवरून एक ते तीन टक्क्यांपर्यंत खाली आणलेला असतो. इथिलीनचा परिणाम रोखणारे एक वायुरूप रसायनही, अमेरिकेत २००२ पासून, या कोठारांत वापरले जाते. अशा व्यवस्थेत सफरचंद आठ-दहा महिने टिकते. वॉशिंग्टन राज्यातील तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान होते, म्हणजे तेथील जे फळ गोंदियात जून महिन्यात विकले जाते, त्याचे वय नऊ महिन्यांच्या आसपास असू शकते. हे विष नव्हे, फसवणूकही नव्हे. ते शास्त्र आहे आणि त्यात कौशल्य आहे. पण झोपवलेले घड्याळ जागे झाले की राहिलेला वेळ भराभर भरून काढते. दीर्घकाळ निजलेल्या फळाकडे उष्णता सोसण्याची शिल्लक नव्या फळाइतकी नसते.

आता विलंबाकडे वळू. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघालेली शीतपेटी मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरात पोहोचण्यास महिना-दीड महिना सहज लागतो. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या मालाला सुएझचा कालवा हा जवळचा मार्ग. तो मार्ग किती नाजूक आहे, हे गेल्या काही वर्षांत जगाने दोनदा पाहिले. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन नावाचे एकच अजस्र जहाज कालव्यात आडवे झाले आणि सहा दिवस शेकडो जहाजे खोळंबली. पुढे नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनमधील हुथींनी व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. बड्या जहाज कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपचा रस्ता धरला, आणि प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. आपल्या नाशिकच्या द्राक्षांनाही त्याच वळशाने युरोपला जावे लागले, हे इथे विसरून चालणार नाही. विलंबाचा फटका येणाऱ्या मालाला बसतो तसा जाणाऱ्यालाही बसतो. त्याआधी २०२० च्या प्रारंभी, महामारीच्या पहिल्या लाटेत, चीनच्या शांघाय आणि निंगबो बंदरांत एक वेगळेच संकट उभे राहिले. शीतपेट्या उतरल्या, पण त्यांना वीज देण्यासाठी पुरेसे प्लग उरले नाहीत. पेटी बंदरात आहे, माल आत आहे, आणि थंडावा मात्र मिळेलच असे नाही!

या शेवटच्या उदाहरणातच विषयाचे मर्म आहे. जहाज दहा दिवस उशिरा आले म्हणून फळ सडत नाही. पेटीतील यंत्र चालू असेल तर ते दहा दिवस फळाच्या आयुष्यातून थोडेसेच कापून नेतात. खरी हानी होते ती थंडावा तुटलेल्या तासांत, आणि असे तास महासागरावर कमी, जमिनीवर अधिक असतात.

न्हावाशेव्याला उतरलेली पेटी सीमाशुल्क, वनस्पती संसर्गरोध विभाग आणि अन्नसुरक्षा प्राधिकरण यांच्या तपासण्यांतून जाते. कीड आढळली, कागद अपुरा निघाला, नमुन्याचा अहवाल लांबला, तर मुक्काम वाढतो. या तपासण्या आवश्यकच आहेत. चिनी सफरचंद आणि नासपतीतील किडींमुळे २०१७ मध्ये भारताने त्यांची आयात थांबवली, ती अशा दक्षतेतूनच. तेथून माल नवी मुंबईतील शीतगृहात जातो आणि मागणीप्रमाणे वाशीच्या घाऊक बाजारातून देशभर पांगतो. विदर्भाचा माल नागपूरच्या कळमना बाजारात उतरतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचे सर्व ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये खुले झाल्यापासून हे अंतर पूर्वीच्या निम्म्या वेळात कापता येते, आणि हाच मार्ग पुढे गोंदियापर्यंत नेण्याची योजनाही आहे.

मात्र कळमन्यानंतर काय होते? मोठ्या मालासाठी मोठी शीतगाडी परवडते. गोंदियाच्या किरकोळ व्यापाऱ्याला लागणाऱ्या पाच-पन्नास पेट्यांसाठी ती कोण पाठवणार? मग त्या पेट्या कांद्या-बटाट्याच्या पोत्यांशेजारी साध्या टेम्पोत चढतात. शून्य अंशातून निघालेले फळ मे महिन्यातील चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या झळांत येते. थंड सालीवर दव धरते, ओल्या सालीवर बुरशीला आयते घर मिळते, गर आतून सैल पडतो. हातगाडीवर दिवसभर ऊन, रात्री ताडपत्री, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बारा-पंधरा हजार किलोमीटरचा प्रवास निगुतीने पार पाडलेले फळ शेवटच्या शे-दीडशे किलोमीटरमध्ये आणि शेवटच्या तीन दिवसांत हरते. मधल्या काळात बाहेरची लकाकी तशीच राहते, कारण ती बहुतांशी सालीवर चढवलेल्या खाद्य मेणाची असते. मेणाचे काम ओलावा टिकवणे हे आहे. गराची खात्री देणे हे त्याचे काम नव्हे.

आणि ती चिकटपट्टी? तिच्यावरील चार आकडी संख्या फळाची जात आणि आकार सांगते, तोडणीची तारीख सांगत नाही. देशाचे नाव असले तर असते, पण तेही फारसे उपयोगी नाही. कारण गाडीवरचे 'विदेशी' फळ दरवर्षी वेगळ्या देशाचे असते. जून २०१९ मध्ये अमेरिकी सफरचंदांवर वीस टक्के जादा शुल्क लागले, तेव्हा त्यांची जागा तुर्कस्तान, इराण, इटलीच्या मालाने घेतली. सप्टेंबर २०२३ मध्ये ते शुल्क हटले. मे २०२५ मध्ये, तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर, पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांवर बहिष्कार घातला. राजकारण बदलते तसा पुरवठ्याचा रस्ता बदलतो, आणि नव्या रस्त्यावर किती थांबे आहेत हे ग्राहकाला कळण्याची सोय नाही.

बाटलीबंद किंवा डबाबंद विदेशी पदार्थांची स्थिती यापेक्षा बरी म्हणावी लागेल. त्यांच्यासाठी २०१७ च्या आयात नियमांत स्पष्ट तरतूद आहे: बंदरातून सुटताना पदार्थाच्या एकूण टिकण्याच्या मुदतीपैकी किमान साठ टक्के मुदत किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढी शिल्लक हवी. यातील 'जे कमी असेल' हे शब्द गृहिणींनी ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. वर्षभराच्या मुदतीचे चॉकलेट तीन महिने शिल्लक असतानाही कायदेशीररीत्या देशात येऊ शकते. मुंबईतील दुकानात ते आठवड्यात खपेल. गोंदिया-तिरोड्याच्या फळीवर ते येते तेव्हा बहुधा मुदत संपत आलेली असते, आणि अशाच मालावर 'एकावर एक मोफत'चा फलक झळकतो. पण निदान तारीख छापलेली असते. वाचणाऱ्याला वाचता येते.

डाळींची गोष्ट आणखी निराळी. २०२४-२५ मध्ये देशाने सुमारे ७३ लाख टन डाळी व कडधान्ये आयात केली. कॅनडाचा पिवळा वाटाणा आणि मसूर, ऑस्ट्रेलियाचा हरभरा, म्यानमार व मोझांबिकची तूर. डाळ सडत नाही, म्हणून तिला ताजेपणा नसतोच असा समज आहे. तो चूक आहे. उष्ण आणि दमट हवेत महिनोन्‌महिने पडलेल्या कडधान्याच्या पेशींमध्ये असे बदल होतात की पुढे पाणी आणि आच दोन्ही त्याच्या पोटात शिरत नाहीत. कुकरच्या किती शिट्ट्या केल्या तरी दाणा बोटाखाली कडकच लागतो, गॅस जळतो, आणि घरातील सून उगाच बोलणी खाते. दोष तिच्या हाताचा नसतो, तो गोदामातील मुक्कामाचा असतो. सरकारी कंपन्यांनी २००६ नंतर आयात केलेल्या डाळींचा, विशेषतः पिवळ्या वाटाण्याचा, उठाव न झाल्याने झालेल्या मोठ्या तोट्यावर महालेखापरीक्षकांनी २०११ मध्ये अहवाल दिला होता. तो तोटा रुपयांत मोजला गेला. स्वयंपाकघरातला तोटा मोजण्याची कोणाला गरज वाटली नाही.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, मग देशी तेवढे ताजे, विदेशी तेवढे शिळे, एवढे लक्षात ठेवले की झाले. दुर्दैवाने ते इतके सोपे नाही, आणि स्वदेशीवर मनापासून प्रेम करणाऱ्यांनी तरी ही पळवाट घेऊ नये. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस आणि सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने जम्मू-श्रीनगर महामार्ग खचला. ऐन हंगामात सफरचंदांनी भरलेले हजारो ट्रक दिवसेंदिवस खोळंबले आणि काश्मिरी बागायतदारांचा माल गाड्यांतच कुजला. रेल्वेने १३ सप्टेंबरपासून बडगामहून दिल्लीच्या आदर्शनगरसाठी पार्सल गाडी सुरू केली, तेव्हा थोडा दिलासा मिळाला. ते फळ आपल्याच भूमीतले होते, अंतरही त्यामानाने थोडे होते. पण त्याच्याभोवती शीतपेटी नव्हती. एक महिना समुद्रावर असलेले परदेशी फळ त्या काळात दिल्लीच्या बाजारात अधिक टणक होते, हे कटू असले तरी मान्य करावे लागते.

गोंदिया जिल्ह्याला हे सत्य स्वतःच्या अंगणात रोज दिसते, ते मासळीच्या बाजारात. हा तलावांचा प्रदेश. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले नवेगावबांध, शिवाय बोदलकसा, चोरखमारा, आणि गावोगावच्या मालगुजारी तलाव-बोड्या. ढिवर समाजाच्या सहकारी संस्था पिढ्यान्‌पिढ्या त्यात मासेमारी करतात. असे असूनही पूर्व विदर्भाच्या बाजारांत आंध्र प्रदेशातील शेततळ्यांची रोहू-कतला ट्रकने येते आणि चांगल्या भावाने खपते. शेकडो किलोमीटर दूरची मासळी पंधरा-वीस किलोमीटरवरच्या मासळीला मागे का टाकते? उत्तर एका शब्दाचे आहे: बर्फ. आंध्रातील माल पाण्याबाहेर येताच खोक्यात जवळजवळ वजनाइतक्या बर्फात दाबला जातो. नीट बर्फात ठेवलेली रोहू दहा-बारा दिवस खाण्याजोगी राहते. उघड्या पाटीत, पस्तीस-चाळीस अंशांत, तीच मासळी दुपारपर्यंत मऊ पडते, कल्ल्यांचा लाल रंग तपकिरी होतो, डोळा आत जातो. आपला ढिवर पहाटे जाळे ओढतो, सायकलवर किंवा मोटारसायकलवर पाटी बांधून बाजार गाठतो, आणि अकरा वाजता गिऱ्हाइकाला कळते की आता हा थांबू शकत नाही. मग भाव गिऱ्हाईक ठरवते. जिवंत राहणारी मरळ तेवढी पाण्याच्या भांड्यात तग धरते आणि मालकाची पत राखते.

बाहेरून येणाऱ्या मासळीचाही भरवसा सदैव नसतो, हे गोव्याने २०१८ मध्ये अनुभवले. त्या वर्षी जुलैत परराज्यांतून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या संशयाने एवढे रान उठले की शासनाला पंधरा दिवस आयातच बंद करावी लागली. त्यानंतर उष्णतारोधक वाहन आणि अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी, या अटी पुढे आल्या. मासळी-भात हेच ज्यांचे रोजचे अन्न, त्या गोमंतकीयांनी आपल्या ताटातील वस्तू कधीची आहे आणि कशात आली, असा प्रश्न एकमुखाने विचारला, म्हणून त्या अटी आल्या. आपल्या महाराष्ट्रातही २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आहे. मासळीवर निळसर बर्फ दिसला तर तो अशुद्ध पाण्याचा असू शकतो, एवढे तरी ग्राहकाने ओळखावे.

रुग्णालयाच्या फाटकावरही असेच प्रश्न विचारता येतात. पेटी दाखव, म्हणून सांगता येते. फळांच्या खोक्यावर बहुधा देश, आयातदार आणि कधी कधी भरणीची तारीख असते, ती चिकटपट्टीवर नसते. फळ हातात घेऊन वजन पाहता येते. पिठूळ झालेले फळ आकाराच्या मानाने हलके लागते आणि बोटाने दाबले की दबते. आणि रुग्णाला पोषणच हवे असेल तर शेजारच्या टोपलीत पहाटे तोडलेला पेरू असतो. शंभर ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास, सफरचंदात जेमतेम चार-पाच. पेरूला प्रतिष्ठा नाही, एवढाच त्याचा अपराध. वैद्याने मनाई केली नसेल तर खाटेपाशी पेरू नेण्यात कमीपणा कसला?

तलावांच्या बाबतीत काम थोडे अधिक आहे, पण अवाक्यातले आहे. तांबड्या समुद्रातील हल्ले गोंदिया थांबवू शकत नाही, आणि कळमन्याहून येणाऱ्या पाच पेट्यांसाठी कोणी शीतगाडी पाठवणार नाही. तलावापासून बाजारापर्यंतची साखळी मात्र पूर्णपणे जिल्ह्याच्या हातात आहे. जिल्ह्यातील तलावांची मोठी मासेमारी होते ती पाणी ओसरल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत. वर्षातला सर्वांत उष्ण काळ तोच, आणि गावागावांत बर्फाची सर्वाधिक ओढ शीतपेयांना व लग्नसमारंभांना असते तोही तोच. म्हणून सहकारी संस्थांनी बर्फाची मागणी माघ-फाल्गुनातच नोंदवायला हवी, दोन-तीन संस्थांनी मिळून उष्णतारोधक पेट्या घ्यायला हव्यात, आणि जाळे पाण्यात पडण्याआधी बर्फाची गाडी तलावाच्या पाळीवर येऊन उभी राहिली पाहिजे. जाळे बाहेर आल्यावर गाडी बोलावली, तर ती बाजार उठण्याच्या वेळी पोहोचते.